काळीत घर बांधताना



उसाचे बिल बँकेत जमा झाले की आपल्या घराघरांत दोन विषय हमखास निघतात. एक लग्नाचा आणि दुसरा घराचा. लग्नाच्या बाबतीत ऊस विकास खात्याने तोंड घालू नये, हे आम्हांला मान्य आहे. घराच्या बाबतीत मात्र दोन शब्द बोलावेत असे आम्हांला वाटते. कारण घर ज्या मातीवर उभे राहते, ती माती आमच्या रोजच्या कामातली आहे.

मागे एका सभासदाने आम्हांला सरळ ऐकवले, "साहेब, तुमी उसाचं सांगा. घराचं मिस्त्री पायते." त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण मिस्त्री भिंत पाहतो, ठेकेदार सळई पाहतो, आपण फरशीचा रंग पाहतो आणि माती कोणीच पाहत नाही. उसाची लागण करण्यापूर्वी आपण मातीचा नमुना काढतो, खोली बघतो, निचरा बघतो. एक लागण आणि दोन खोडवे एवढ्यासाठी हा खटाटोप. मग जे घर तीन पिढ्यांना पुरायचे आहे, त्यासाठी मातीला एक शब्दही विचारू नये, हा कुठला न्याय?

आमचे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या काळ्या मातीत घराला तडे जातात ते सिमेंट कमी पडले म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ते जातात, कारण घराखालची माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, आणि आपला पाया या हलणाऱ्या थरातच ठेवलेला असतो. म्हणून वरच्या शोभेआधी खालच्या मातीवर खर्च करा. एवढेच सांगायचे आहे, पण ते नीट समजावून सांगायला हवे.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांच्या बोलीत गावाचे दोन भाग होते. राहायची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. कागदोपत्रीही हे शब्द चालत. जुने गावठाण पाहा. सहसा ते उंचवट्यावर, मुरमाड जागी किंवा पिढ्यान्‌पिढ्या माती-राख पडून टणक झालेल्या जागी वसलेले असते. काळी पिकाला राखायची आणि पांढरीवर राहायचे, असा हिशेब त्यात होता.

शिवाय जुने घरही वेगळे होते. लाकडी खांबांवर छपराचा भार, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. जमीन थोडी हलली तर खांब थोडा कलायचा, भिंतीला चीर पडायची, आणि घरची बाई शेणमातीचे लिंपण करून ती चीर बुजवून टाकायची. घर लवचिक होते म्हणून टिकत होते. आजचे विटा-सिमेंटचे घर तसे नाही. विटांच्या भिंतीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. खालून एक कोपरा थोडासा उचलला तरी ती चिरते. तेव्हा "आमच्या आज्याचं घर काहून नाही फाटलं?" असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर हे आहे. आज्याची जागा वेगळी होती आणि आज्याचे घरही वेगळे होते.

हुडकेश्वरकडे पाहा

नागपूरच्या दक्षिणेला हुडकेश्वर आहे. हुडकेश्वर खुर्द आणि हुडकेश्वर बुद्रुक. म्हाळगीनगर चौकातून त्या रस्त्याने आपल्यापैकी अनेकजण जातात. मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरात एखादे घर असावे म्हणून आपल्या भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी त्या बाजूला प्लॉट घेतलेले आहेत. पूर्वी तिथे ग्रामपंचायत होती. आता तो भाग महानगरपालिकेच्या हद्दीत आला आहे. जिथे नांगर चालत होते तिथे लेआउट पडले, सिमेंटचे खुंट रोवले गेले आणि घरे उभी राहिली. थोडक्यात म्हणजे पांढरी सोडून आपण काळीत राहायला गेलो.

अशा लेआउटांतून पायी फिरावे म्हणजे माती काय करते ते दिसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग. कंपाऊंडची भिंत रस्त्याकडे कललेली. पावसाळ्यात घट्ट बसणारा आणि उन्हाळ्यात मोकळा होणारा दरवाजा. मधोमध फुगलेली फरशी. घराच्या भिंतीपासून सुटलेली पायरी. मालकाला विचारले तर तो ठेकेदाराला शिव्या देतो. ठेकेदार म्हणतो, मी सिमेंट बरोबर टाकले. कित्येक ठिकाणी दोघेही खरे बोलत असतात. माल चांगला आणि कामही बरे, पण पाया चुकीच्या थरात.

यात नुकसान कोणाचे? ज्याने चार-पाच हंगामांचे उसाचे पैसे साठवले, बायकोचे दागिने गहाण टाकले, कर्जाचे हप्ते लावून घेतले, त्याचे. तडा गेलेले घर विकू म्हटले तर गिऱ्हाईक भाव पाडून मागते. राहू म्हटले तर दर दिवाळीला गिलावा. म्हणून हा विषय किरकोळ समजू नका.

मातीचा स्वभाव

आपली काळी माती म्हणजे लाखो वर्षांत झिजलेला काळा पाषाण, बेसाल्ट. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. पुस्तकाची पाने एकावर एक असावीत तसे त्याचे अतिशय पातळ पदर असतात. पाणी मिळाले की ते पदरांमध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की पदर जवळ येतात, माती आकसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात आपल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पिकाची मुळे तुटतात, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे?

आता नागपूरचे हवामान पाहा. वर्षाचा सुमारे १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात. म्हणजे त्याच मातीला वर्षातून एकदा भट्टीत घालायचे आणि एकदा पाण्यात बुडवायचे. माती हलणार नाही तर काय होईल? मात्र ही हालचाल फार खोलवर जात नाही. आपल्या देशातल्या काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटर, म्हणजे ११-१२ फूट खोलीपर्यंत ऋतूप्रमाणे ओल कमी-जास्त होते, असे तज्ज्ञ धरतात. त्याच्या खाली ओल बारमाही जवळपास सारखी राहते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सगळी माती एकसारखी वर गेली आणि एकसारखी खाली आली, तर घराचे काही बिघडत नाही. नाव पाण्यावर वरखाली होते तसे घर होईल. पण तसे होत नाही. घर बांधले की मधल्या जमिनीवर ऊन पडायचे थांबते, तिथली ओल उडत नाही आणि मध्यभाग हळूहळू फुगून राहतो. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकून बसते. एका कोपऱ्याला मोरीचे पाणी मुरते, दुसऱ्या कोपऱ्याला कडुलिंब पाणी ओढून घेतो. एकाच घराचे चार कोपरे चार वेगळ्या गतीने हलतात. घर फुटते ते या असमान हालचालीने.

भेगेवरूनही मातीचे बोलणे कळते. भेग वरती रुंद आणि खाली बारीक असेल, तर बहुधा घराच्या कडा खाली बसत आहेत किंवा मध्यभाग उचलला जात आहे. खाली रुंद आणि वर बारीक असेल, तर मध्य बसतो आहे. पिकाच्या पानावरून आपण रोग ओळखतो, तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. हलक्या घराला धोका जास्त. फुगणारी काळी माती एका चौरस मीटरवर १० ते ३० टनांपर्यंत दाब वर लावू शकते, असे प्रयोगशाळेतल्या मोजणीत आढळते. तीन मजली इमारत आपल्या वजनाने हा जोर काही अंशी दाबून धरते. आपले एकमजली घर, पोर्च, कंपाऊंड आणि शेतातली खोली यांच्यात तेवढे वजनच नसते. म्हणून "लहान घर आहे, त्याला काय एवढा पाया?" हे बोलणे काळ्या मातीत लागू पडत नाही.

आपल्या चार समजुती

पहिली समजूत, सळई वाढवली की झाले. सळई भिंतीला आणि बीमला बळ देते, मातीला नाही. खालचा थर हलत राहिला तर वरच्या सळईने भेग लांबते, टळत नाही.

दुसरी समजूत, दोन फूट पाया आणखी खोल नेला की झाले. चार फुटांवर काळीच असेल आणि सहा फुटांवरही काळीच असेल, तर आपण खर्च वाढवला पण हलणाऱ्या थरातून बाहेर पडलो नाही.

तिसरी समजूत, पाया खणून निघालेली काळी माती जोत्यात भरली की भरावाचा खर्च वाचतो. ही बचत फार महागात पडते. तीच माती पुढे फरशी उचलते आणि जोत्याच्या भिंती बाहेर ढकलते.

चौथी समजूत, खाली रेतीची गादी दिली की माती हलत नाही. नुसती रेती पाणी अडवत नाही, उलट ते गोळा करून खालच्या काळीला पाजते. रेतीचा उपयोग आहे, पण तो जाणकाराने जागा पाहून सांगायचा असतो.

आधी माती पाहावी

पाहायची कशी? प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत माणूस उतरेल असा खड्डा घ्या. शेतात मातीची खोली पाहायला आमचे कर्मचारी घेतात तसाच. काळी किती फुटांपर्यंत आहे, त्याखाली पिवळट-चुनखडीची माती लागते का, मुरूम कुठे लागतो, पाणी कुठे लागते, हे लिहून ठेवा. शेजारच्या प्लॉटवर मुरूम पाच फुटांवर लागला म्हणून आपल्याही प्लॉटवर लागेल असे धरू नका. नाला बुजवून केलेल्या लेआउटात तर मुळीच धरू नका. खड्डा खोल असेल तर कडेला लाकडी आधार द्या, नाहीतर काळीचा कडा अंगावर कोसळतो.

मग फुगवट्याची चाचणी. ही इतकी साधी आहे की शाळेतल्या मुलालाही समजेल. १९७७ साली भारतीय मानकात ती नमूद झाली. वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलेली १० ग्रॅम माती काचेच्या मोजनळीत टाकायची. अशा दोन नळ्या घ्यायच्या. एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओतायचे. हवेचे बुडबुडे काढून २४ तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा, रॉकेलच्या नळीत माती ११ मिलिलिटरच्या खुणेवर आणि पाण्याच्या नळीत २२ च्या खुणेवर आली, तर फुगवटा शंभर टक्के झाला. मानकाप्रमाणे ५० टक्क्यांच्या आत काळजी कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० धोक्याची आणि २०० च्या वर अतिशय वाईट माती समजावी. अर्थात एवढ्यावरून पाया ठरत नाही. पण इंजिनिअरकडे जायला हवे की नको, एवढे नक्की ठरते.

मग पाया कसा?

आम्ही शेतकीचे माणूस. पायाचे माप काढणे हे बांधकाम इंजिनिअरचे काम आहे, ते त्याच्याकडूनच करून घ्यावे. पण त्याच्यासमोर बसताना काय विचारायचे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. तीन मार्ग सांगतो.

पहिला मार्ग, मुरूम जवळ असेल तेव्हाचा. चार-सहा फुटांवर पक्का मुरूम लागत असेल, तर कॉलमचा पाया त्या मुरमातच टेकवावा आणि वर सर्व कॉलम बीमने एकमेकांना बांधावेत. पायाच्या बाजूला निघालेली काळी परत न टाकता मुरूम भरून धुमसावा. नागपूरच्या आसपास पुष्कळ ठिकाणी हे जमते.

दुसरा मार्ग, काळी खोल असेल तेव्हाचा. यासाठी रुडकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने १९५० च्या दशकापासून आपल्याच देशातल्या काळ्या मातीसाठी एक पद्धत बसवली. तिला अंडर-रीम पाइल म्हणतात. हाताने फिरवायच्या मोठ्या गिरमिटाने जमिनीत २५-३० सेंटिमीटर रुंदीचे गोल भोक पाडतात, किमान साडेतीन मीटर खोल. तळाशी दुसरे औजार उतरवून तेच भोक घंटेसारखे रुंद करतात, साधारण अडीचपट. मग सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. म्हणजे जमिनीत एक खांब तयार होतो, ज्याच्या बुडाशी कांद्यासारखा फुगा असतो. हा फुगा हलणाऱ्या थराच्या खाली, बारमाही ओल सारखी असलेल्या थरात बसतो. वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली, तर हा फुगा त्याला धरून ठेवतो. उसाचे बेट मुळांनी जमीन धरते तसे समजा. या पद्धतीचे स्वतंत्र भारतीय मानकही निघाले. घराच्या प्रत्येक कोपऱ्याखाली आणि भिंतींच्या सांध्याखाली असा खांब येतो आणि वरून बीमने सगळे जोडले जातात.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि नेमकी तिथेच गडबड होते. हा बीम जमिनीवर टेकवायचा नसतो. त्याच्याखाली किमान ८० मिलिमीटर, म्हणजे चार बोटे मोकळी जागा सोडायची असते. पावसाळ्यात माती फुगली तर तिला वर यायला जागा हवी. मिस्त्रीला ही पोकळी म्हणजे कच्चे काम वाटते. मालक जेवायला गेला की तो इमानदारीने त्यात माती दाबून भरतो! मग इतक्या खर्चाचे खांब असूनही माती बीम उचलते. म्हणून त्या दिवशी स्वतः उभे राहा. पोकळीत माती जाऊ नये म्हणून बाहेरच्या कडेने आड लावून घ्या.

तिसरा मार्ग फरशीसाठी, पायरीसाठी आणि हलक्या बांधकामासाठी. मुंबईच्या आय. आय. टी. मधले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर पुष्कळ प्रयोग केले. चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर काळीवर नीट दाबून दिला, तर खालच्या मातीचा फुगवटा बराच आवरतो, असे त्यांनी दाखवले. कालव्यांच्या कामात त्याचा उपयोग झाला. आपल्याकडे योग्य प्रकारचा मातकट मुरूम या कामी येतो. पण ट्रॅक्टर-ट्रॉल्या रिकाम्या करून वरून फावडे मारले म्हणजे थर झाला, असे नाही. वीत-वीतभर जाडीचे थर टाकून, पाणी शिंपडून, धुमसून चढवावे लागतात. आणि मुरूम म्हणून आलेली माती फुगणारी नाही ना, याची तीच रॉकेलची चाचणी करावी.

कुठलाही मार्ग घ्या, खणलेले चर पावसात उघडे ठेवू नका. मे महिन्यात चर खणायचे आणि जुलैपर्यंत पैशाची वाट पाहायची, हे आपल्याकडे फार चालते. चरात पाणी साचले म्हणजे मातीला आपण हाताने पाजल्यासारखे झाले. पैशाची सोय झाल्यावरच खणा आणि पावसाआधी जोत्यापर्यंत या.

वाफसा राखा

पाया चांगला झाला तरी काम संपले नाही. पिकाला आपण वाफसा पाहून पाणी देतो, ना चिखल ना कोरड. घराभोवतीच्या मातीलाही तसाच वाफसा लागतो. बारमाही सारखी ओल.

घराभोवती चारही बाजूंनी दीड-दोन मीटर रुंदीचा पक्का ओटा काढा आणि त्याला बाहेर उतार द्या. छपराचे पाणी नळाने दूर सोडा, भिंतीच्या बुडाशी नव्हे. मोरी, नळ आणि संडासाची टाकी यांची गळती दर वर्षी पाहा. जी भेग नेहमी न्हाणीघराच्या कोपऱ्यातच वाढते, ती बहुधा नळाची तक्रार असते. शोषखड्डा घरापासून लांब घ्या.

झाडे जरूर लावा, पण कडुलिंब, पिंपळ, निलगिरी यांसारखे मोठे झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, निदान तेवढे अंतर घरापासून सोडा. आणि घराजवळचे जुने झाड घाईने तोडूही नका. ते रोज पाणी ओढत होते. ते गेले की तिथली माती फुगू लागते. इंग्लंडसारख्या ओल्या देशातही १९७६ च्या दुष्काळात लंडन भागातल्या चिकणमातीवरची पुष्कळ घरे तडकली आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांची रीघ लागली. झाडाजवळच्या घरांना त्रास अधिक, हे तिथेही दिसले. तेव्हा हा रोग फक्त आपल्या गरीब वऱ्हाड-नागपूरचा आहे असे मानू नका.

ज्यांचे घर शेतातच उसाला लागून आहे, त्यांना एक खास सूचना. भिंतीला लागून सरी काढू नका. एका बाजूला बारमाही भिजवलेला ऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडे अंगण, ही घर फोडायची उत्तम पद्धत आहे. पाच-सहा मीटरची पट्टी मोकळी ठेवा, मध्ये निचऱ्याचा चर घ्या आणि ठिबकची गळकी नळी त्या बाजूला तर अजिबात ठेवू नका.

ज्यांचे घर आधीच तडकले आहे, त्यांनी गिलाव्याची घाई करू नये. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहा. भेग उघड-झाप करते की वाढतच जाते, ते कळेल. आधी पाण्याची वाट लावा, ओटा करा, गळती बंद करा. माती शांत झाल्यावर भिंत बुजवा. भेग वाढतच असेल तर इंजिनिअरला दाखवा.

तयार घर विकत घेतलेल्यांनी एक कायदा लक्षात ठेवावा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, नोंदणी झालेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याला किंमत नाही.

खर्चाचे काय?

"एवढा पैसा मातीत घालायचा का?" हा प्रश्न आम्हांला नेहमी ऐकू येतो. होय, मातीतच घालायचा. जमिनीखालचा पैसा पाहुण्यांना दिसत नाही, हे खरे. समोरचा नक्षीदार कठडा, पोर्चचे खांब, खिडक्यांच्या महागड्या चौकटी हे सगळे दिसते. पण कठडा पुढच्या बिलावरही लावता येतो. पाया पुढच्या बिलावर घालता येत नाही. खोली एक कमी काढा, वरचा मजला नंतर चढवा, पण पाया मातीला शोभेल असा करा.

ऑस्ट्रेलियात घर बांधण्यापूर्वी प्लॉटच्या मातीचा वर्ग ठरवावा लागतो. माती किती हलते यावरून साध्यापासून अतिशय हलणाऱ्यापर्यंत वर्ग पाडलेले आहेत आणि पाया त्या वर्गाप्रमाणे ठरतो. आपल्याकडे मातीचा अभ्यास काही कमी नाही. मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्य कार्यालय तर नागपुरातच, अमरावती रोडवर आहे. ज्ञान आहे, मानके आहेत, इंजिनिअरिंगची महाविद्यालये आहेत. फक्त ते ज्ञान प्लॉटच्या सौदाचिठ्ठीपर्यंत पोचत नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, सभासदांच्या शेतातले मातीचे नमुने आपण तपासतोच. त्याच प्रयोगशाळेत फुगवट्याची चाचणीही घरबांधणीसाठी करून द्यावी. मोजनळ्या आणि रॉकेल एवढेच तर लागते. दोन, पतसंस्था आणि बँकांनी घरकर्जाच्या अर्जासोबत जसा नकाशा मागतात, तसा मातीच्या खड्ड्याचा अहवालही मागावा. घर टिकले तर हप्ताही येतो. तीन, प्लॉट घेताना लेआउटवाल्याला रस्ता, वीज, पाणी विचारता, तसेच काळी किती खोल आहे आणि मुरूम कुठे आहे, हेही विचारा. सांगता येत नसेल, तर विसार देण्यापूर्वी एक खड्डा घेऊ द्या म्हणावे. जो खड्डा घेऊ देत नाही, त्याच्या प्लॉटचा पुन्हा विचार करावा.

वार्षिक सभेत भावावर, तोडणीवर, काट्यावर आपण तासन्‌तास बोलतो आणि ते बोलायलाच पाहिजे. या वर्षी पाच मिनिटे या विषयालाही द्यावीत, अशी संचालक मंडळाला आणि सभासदांना आमची विनंती आहे.

काळी माती आपली लक्ष्मी आहे. ती पाणी धरते म्हणून ऊस पिकतो आणि पाणी धरते म्हणूनच ती फुगते. तिचा गुण आणि खोड एकच आहे. ज्या सभासदांना या हंगामाच्या बिलावर घराचे काम काढायचे आहे, त्यांनी आधी दोन कोपऱ्यांत दोन खड्डे घ्यावेत आणि दर फुटाची मूठ-मूठ माती वेगवेगळ्या पिशवीत भरून, वर खोली लिहून, गट कार्यालयात घेऊन यावी. पुढचे बोलणे माती समोर ठेवून करू.